गोठा पक्का झाला, गायीचं काय?

७.७ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद. बांधलेली गव्हाण. २५० लिटरचं मूत्रसंचय टाकं. पिण्याच्या पाण्याची २०० लिटरची टाकी. सहा जनावरांसाठी २६.९५ चौरस मीटर जागा. खर्च ७७,१८८ रुपये.

हे सरकारच्या हिशोबातलं गायीचं घर आहे मंडळी. शरद पवार ग्रामसमृद्धी योजना, शासन निर्णय ३ फेब्रुवारी २०२१, रोहयोतून पक्का गोठा. हा निर्णय जरूर वाचा. गोठ्याची जमीन ओबडधोबड असते, पावसाळ्यात तिथे दलदल होते, जनावरं त्याच घाणीत बसतात, त्यांना स्तनदाह होतो, उपचाराला हजारो रुपये जातात, कधी कास निकामी होते, पोटाखाली जखमा होतात, असं सगळं त्यात स्वच्छ मांडलेलं आहे. कुणीतरी खरोखर गोठ्यात उभं राहून लिहिलंय, असं वाटतं.

म्हणजे गायीच्या अंगाखाली काय आहे यावर तिची कास अवलंबून असते, हे सरकारला माहीत आहे. लेखी माहीत आहे.

मग यावर उपाय काय काढला? कोबा.

चिखल गेला, हे मान्य. चांगलंच झालं. पण चिखलाच्या जागी दगड आला त्याचं काय? टाकी किती लिटरची ते ठरलं, गव्हाणीची मापं ठरली, मुताचं टाकंसुद्धा ठरलं. गाय जिथे बसणार त्या जागेवर काय अंथरायचं, ते मात्र कुणी ठरवलं नाही. रबरी मॅटचा विषय काढला की लोक हसतात. "आता गायीला गादीवर झोपवायचं काय?" असं मला तोंडावर विचारणारे भेटलेत. ही पोस्ट त्यांच्यासाठी आणि त्यांच्याहून मोठ्या खुर्चीवर बसून हसणाऱ्यांसाठी.

जालना एमआयडीसी म्हटलं की बाहेरच्याला सळई आठवते, बियाणं आठवतं. पण या एमआयडीसीच्या कडेकडेने, नागेवाडीपासून दरेगावपर्यंत, दोन-चार-सहा गायी ठेवणारी घरं आहेत. नवरा कारखान्यात पाळीवर, बायको गोठ्यात. पहिल्या पाळीच्या कामगाराला टपरीवर जो चहा मिळतो, त्यातलं दूध पहाटे चारला उठलेल्या कुणातरी बाईने काढलेलं असतं. भट्टीचा धूर सगळ्यांना दिसतो. त्या बाईचा ओला, निसरडा कोबा कुणाला दिसत नाही.

एक साधी परीक्षा सांगतो. ती माझी नाही, दुग्धव्यवसायातले जाणकार जगभर हीच सांगतात. गाय जिथे बसते तिथे उभे राहा आणि एकदम दोन्ही गुडघ्यांवर खाली बसा. दुखलं? कपडे ओले झाले? मग ती जागा गायीच्याही कामाची नाही. आपलं वजन साठ-सत्तर किलो. संकरित होल्स्टीन गायीचं चारशे-पाचशे किलो. ती बसताना आधी पुढचे गुडघे टेकते. उठताना आधी मागचा भाग उचलते आणि तेवढा वेळ सगळा भार पुन्हा गुडघ्यांवर. हे दिवसातून अनेक वेळा. जिच्या गुडघ्यावर फोड आहे, खुराला जखम आहे, ती मग बसायचंच टाळते.

बसली नाही तर काय बिघडतं? बरंच बिघडतं. सोय असेल तर दुधाळ गाय दिवसातले बारा ते चौदा तास बसून काढते. बसून निवांत रवंथ करते, पायांना विश्रांती मिळते, कासेकडे रक्त जास्त जातं. ही तिची चैन नाही, ही तिची ड्युटी आहे. तासन् तास कोब्यावर उभी राहिली की खुरं झिजतात, लंगडेपणा येतो, चारा कमी खाल्ला जातो, दूध उतरतं. आणि धारेच्या वेळी जमीन निसरडी असली की ती बिचकते, पाय बदलते, लाथ झाडते. घाबरलेली गाय पान्हा चोरते. आपण म्हणतो, "गाय खोडीची आहे." गाय खोडीची नसते हो, फरशी खोडीची असते.

आता नेहमीचा मुद्दा: "आमच्या आज्याच्या गायी कुठे मॅटवर बसल्या होत्या?"

नव्हत्याच बसल्या. त्या मातीवर बसल्या होत्या! आज्याची गाय देवणी किंवा लाल कंधारी. सकाळी रानात गेली की दिवस मावळताना परत. दिवसभर पायाखाली काळी माती, रात्री गोठ्यात मुरमाची जमीन आणि वर पाचट. तिच्याकडून दुधाची अपेक्षाही दोन-चार लिटरचीच. आपण गाय बदलली, तिच्याकडून पंधरा-वीस लिटर मागायला लागलो, चराई बंद करून चोवीस तास दावणीला बांधली आणि खालची माती काढून सिमेंट ओतलं. एवढं सगळं बदलल्यावर आज्याचं नाव घ्यायला तोंड कुठे राहिलं?

खर्चाचं बोलू. साधारण साडेसहा बाय चार फुटाची रबरी मॅट बाजारात दोन-अडीच हजारांपासून मिळते, जाड आणि चांगली घ्यायची तर जास्त लागतात. अडीच हजार धरा आणि ती पाचच वर्षं टिकली असं धरा. दिवसाला दीड रुपयाच्या आत बसते. एमआयडीसीत दीड रुपयात चहाचा घोटही येत नाही.

दुसऱ्या बाजूचा हिशोब करा. पंधरा लिटरच्या गायीला स्तनदाह झाला, पाच दिवस प्रतिजैविकं चालली आणि ते दूध ओतून द्यावं लागलं, तर पंच्याहत्तर लिटर गेलं. तीस रुपये दराने २,२५० रुपये. डॉक्टरची फी आणि औषधं वेगळी. एका दुखण्यात एक मॅट गेली समजा! आणि एखादं सड कायमचं बसलं तर त्या गायीची बाजारातली किंमत किती पडते, हे मी सांगायला नको. लंगड्या गायीला तर दावणीला येऊन कुणी विचारतही नाही.

म्हणजे मॅट टाकली की स्तनदाह हद्दपार होतो, असं मी म्हणत नाही. तसं सांगणारा विक्रेता भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. स्तनदाह अस्वच्छतेनेही होतो, अर्धवट धार काढल्यानेही होतो. मॅट चुकीची टाकली तर उलट त्रास. गोठ्याला उतार नसेल तर मूत मॅटखाली साचतं, वास सुटतो, अळ्या होतात. म्हणून खालून खाचा असलेली मॅट घ्यायची, ठरलेल्या दिवशी उचलून खालचं धुवायचं. आपल्याकडे पाण्याची बोंब कायमची, तेव्हा आधी शेण कोरडं ओढून घ्यायचं, मग पाणी मारायचं. काळं रबर उन्हात तापतं, म्हणून मॅट सावलीतच हवी. भंगारातून कन्व्हेयर बेल्टचे तुकडे आणून टाकणारे पुष्कळ आहेत. जुगाड म्हणून ठीक, पण गुळगुळीत पट्टा ओला झाला की कोब्यापेक्षा जास्त घसरतो आणि काही पट्ट्यांच्या कडेला तार निघालेली असते. ती कासेला लागली तर संपलंच.

ज्याच्याकडे जागा आहे त्याने मुक्त संचार गोठा करावा. मोकळं आवार, पायाखाली माती, गाय आपल्या मर्जीने उठते-बसते. मॅटपेक्षा ते केव्हाही चांगलं. पण एमआयडीसीच्या कडेला ज्याच्या नशिबी घरामागचा अर्धा गुंठाच आहे, त्याने मोकळं आवार कुठून आणायचं? मॅट त्याच्यासाठी आहे.

आणि हे फॉरेनचं फॅड आहे असं समजू नका. पुणे जिल्ह्यात मंचरला पराग मिल्क फूड्सचा भाग्यलक्ष्मी डेअरी फार्म आहे. तिथल्या गायी रबरी मॅटवर असतात, तिथलं दूध 'प्राइड ऑफ काऊज' नावाने मुंबईच्या मोठ्या घरांत जातं. पैसेवाल्या कंपनीला मॅटमध्ये फायदा दिसतो. ती कंपनी काही पुण्य कमवायला बसलेली नाही! मग जो शहाणपणा मंचरच्या कंपनीला परवडतो, तो जालन्याच्या चार गायीवाल्याला चैन कसा ठरतो?

लांब कशाला, एमआयडीसीतल्या कुठल्याही धड कारखान्यात जा. विजेच्या पॅनेलसमोर रबरी मॅट अंथरलेली दिसेल. माणसाच्या जिवासाठी ती लागतेच, त्यावर कुणी हसत नाही. उद्योगाला मदत द्यायला माझा विरोध नाही. २०१६ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना वीजदरात सवलत मिळाली, ती मिळायलाच हवी होती. पण दुधाचा धंदा हाही धंदाच आहे ना? की भट्टी असली तरच उद्योग, आणि गोठा असला की 'जोडधंदा' म्हणून पाठीवर थाप?

२०२४ मध्ये सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे आधी पाच, नंतर सात रुपये अनुदान दिलं. त्यासाठी गायीच्या कानात बिल्ला लागत होता, त्यावर बारा अंकी नंबर. ३० सप्टेंबर २०२४ ला देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं, गोशाळेतल्या देशी गायीला दिवसाला पन्नास रुपये देऊ केले. देशी गायीचा मान राखला, आनंद आहे. पण ज्या संकरित गायीच्या दुधावर इथली घरं चालतात, ती कुठल्या नात्यात बसते? तिच्या कानातला नंबर सरकारला पाठ आहे, तिच्या गुडघ्यावरचा फोड कुणाच्याच रजिस्टरला नाही. नाव मोठं ठेवायला पैसे लागत नाहीत, मॅटला लागतात. खरी मेख तिथे आहे.

आता नुसतं भांडण नको, मागण्या लिहितो.

एक. पक्क्या गोठ्याच्या त्या ७७,१८८ रुपयांत कुशल, म्हणजे मुख्यतः साहित्याचा, खर्च ७१,००० धरलेला आहे. सहा साध्या मॅटचे होतात पंधरा हजार. अंदाजपत्रकात ही ओळ घाला. रोहयोच्या नियमात बसत नसेल तर जिल्हा नियोजन समितीने अर्धा वाटा द्यावा, अर्धा शेतकरी टाकेल. फुकट कुणी मागत नाही.

दोन. खरपुडी आणि बदनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रांनी मॅटचं प्रात्यक्षिक गावातल्या गोठ्यात करावं, केंद्राच्या आवारात नको. एकाच गोठ्यात तीन गायी मॅटवर, तीन कोब्यावर. वर्षभर दूध, खुरं, आजार यांची नोंद ठेवा आणि आकडे चावडीवर लावा. मॅट खोटी ठरली तर तेही लावा.

तीन. आयसीटीचं मराठवाडा केंद्र २०१८ पासून जालन्यात आहे. रसायन आणि रबर जाणणारी माणसं तिथे आहेत. बाजारातल्या मॅट तपासून कुठली टिकते, कुठली वर्षात फाटते, हे त्यांनी शेतकऱ्याला सांगावं. आज विक्रेता म्हणेल ती जाडी आणि तो म्हणेल ती गॅरंटी.

चार. एमआयडीसीतल्या कारखानदारांनो, हे तुमच्यासाठी. कंपनी कायदा २०१३ मधलं सामाजिक दायित्वाचं कलम ज्यांना लागू होतं, त्यांना नफ्यातला दोन टक्के वाटा सामाजिक कामावर खर्च करायचा आहे. त्या कामांच्या यादीत प्राणिकल्याण स्पष्ट शब्दांत आहे. दरवर्षी तीच बाकडी आणि त्याच कमानी किती दिवस? एमआयडीसीच्या कडेच्या गोठ्यात दोन मॅट द्या. तिथली बाई पहाटे घसरून पडणार नाही.

पाच. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कासेवर उपचार करताना एकदा खालची जमीनही बघावी आणि केसपेपरवर एक ओळ लिहावी: कोबा, माती की मॅट. वर्षाअखेरीस जिल्ह्याचं चित्र आपोआप समोर येईल.

येत्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीआधी हेच पाच मुद्दे मी लेखी देणार आहे. ज्यांच्याकडे दुधाच्या गायी आहेत त्यांनी आपलं गाव, गायींची संख्या आणि गोठ्यातली जमीन कशी आहे, एवढं खाली लिहा. निवेदनाला ती यादी जोडतो. बैठकीत काय उत्तर मिळालं, ते इथेच जसंच्या तसं टाकीन. उत्तर मिळालं नाही तर तेही टाकीन, तारखेसकट.