घरातला भोंगा

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक चांगला प्रघात पाडला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा आणि घरोघरचे टीव्ही, मोबाईल बंद व्हायचे. साडेआठला भोंगा पुन्हा वाजेपर्यंत अभ्यास, वाचन आणि गप्पा.

आम्हा इंदूरकर पालकांना असा दीड तास अधिकच मोलाचा वाटतो. आपली मुले शाळेत हिंदी-इंग्रजी आणि बाजारात हिंदी बोलतात. मराठी त्यांच्या कानावर पडते ती घरात, बहुधा जेवतानाच. त्याच वेळी चौघांच्या हातात चार मोबाईल असले, तर जेवण होते, बोलणे होत नाही. आणि बोलल्यावाचून भाषा टिकत नाही.

मोबाईलला नुसता दोष देऊन भागणार नाही. पुण्याची मावशी त्याच्यामुळेच रोज दिसते, गृहपाठही त्यावरच येतो. प्रश्न वेळेचा आहे. शिवाय ‘मोबाईल ठेव’ म्हणणारे बाबाच ऑफिसचे निरोप पाहत बसले, तर मुले का ऐकतील?

शहरात देवळावरून भोंगा कोण वाजवणार? तो घरातच वाजायला हवा. रात्रीच्या जेवणाआधी सर्वांचे मोबाईल, मोठ्यांचे आधी, कपाटात जावेत. मुलांना दिवसभराची हकीकत मराठीत विचारावी. मध्ये हिंदी शब्द आला तर टोकू नये, बोलू द्यावे. शाळेनेही गृहपाठाचे निरोप सातच्या आत पाठवावेत, ही विनंती.

एवढे जमले, तरी आजीची मराठी नातवंडांपर्यंत पोहोचेल.