बिंदूची व्याख्या कशाला हवी?

रत्नागिरीतल्या एका शिकवणीच्या वहीत दोन गुणांचा प्रश्न पाहिला, ‘बिंदू म्हणजे काय?’ खाली लाल चौकटीत पाठ करायचं उत्तर: ज्याला लांबी, रुंदी, जाडी नाही तो बिंदू. असं पाठ करून घेणाऱ्यांचं म्हणणं, ज्याची व्याख्या नाही त्यावर शास्त्र उभं राहील कसं? आधाराला युक्लिड आहेच. ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या पुस्तकात 23 व्याख्या आहेत, आणि पहिलीच बिंदूची: ज्याला भाग नाहीत तो.

हा पूर्वपक्ष टिकत नाही. लांबी सांगायला रेषाखंड लागतो, रेषाखंड सांगायला बिंदू. नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणतात. दर शब्दाला नवा शब्द शोधत गेलं तर अनवस्था. कुठेतरी थांबणं भाग आहे.

बरं, युक्लिडची ती व्याख्या त्याच्या तरी उपयोगी पडते का? त्याचं पहिलंच विधान पाहा. रेषाखंड ‘अब’वर समभुज त्रिकोण काढायचा आहे. अ केंद्र धरून ‘अब’ त्रिज्येचं वर्तुळ, ब केंद्र धरून तेवढंच दुसरं. छेदतात तिथे क. पण ती छेदतातच कशावरून? आकृतीत दिसतं म्हणून! ज्या प्रतलात फक्त परिमेय निर्देशकांचे बिंदू आहेत तिथे अ (0, 0) आणि ब (1, 0) घ्या. क ची उंची येते √3/2, म्हणजे अपरिमेय. क तिथे नाहीच. बिंदूला भाग नाहीत हे तिथेही खरं, युक्लिडची पाचही गृहीतकं खरी, तरी ती वर्तुळं कुठेच भेटत नाहीत. उणीव गृहीतकांत होती. बिंदूची कितीही नेटकी व्याख्या ती भरून काढू शकत नाही.

दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत अव्वल येऊन सीनियर रँग्लर झाले. त्याच वर्षी जर्मनीत डाव्हिड हिल्बर्टचं भूमितीच्या पायाविषयीचं पुस्तक निघालं. त्याने बिंदू, रेषा, प्रतल यांची व्याख्या केलीच नाही. ‘दरम्यान असणे’, ‘एकरूप असणे’ हे संबंधही अव्याख्यात ठेवले आणि ते कसे वागतील एवढं गृहीतकांनी बांधून दिलं. रँग्लरांचा अभिमान बाळगणाऱ्या या जिल्ह्यात त्या वर्षाची ही दुसरी गोष्टही शिकवली जावी, असं मला मनापासून वाटतं.

यावर आक्षेप येतो, मग रेषा म्हणून काहीही चालेल? नाही. पृथ्वीगोलावरच्या बृहद्वृत्ताला, म्हणजे ज्याचं केंद्र गोलाच्याच केंद्रावर आहे अशा वर्तुळाला, रेषा म्हणून पाहा. रत्नागिरी आणि तिच्या नेमक्या विरुद्ध टोकाचा बिंदू यांतून अशी अगणित वृत्तं जातात. ‘दोन बिंदूंतून एकच रेषा’ हे गृहीतक तो अर्थ तिथल्या तिथे नाकारतं. उलट, वास्तव संख्यांची जोडी म्हणजे बिंदू आणि एकघाती समीकरण म्हणजे रेषा असं धरलं, तर सगळी गृहीतकं जुळतात. अर्थावर पहारा गृहीतकांचा असतो.

व्याख्यांना माझा विरोध नाही. रेषाखंड, किरण, कोन, वर्तुळ यांच्या व्याख्या काटेकोरच हव्यात, कारण सिद्धतेत त्या पावलोपावली लागतात. म्हणून ते दोन गुण वेगळ्या प्रश्नाला द्यावेत: रेषाखंडाची व्याख्या लिहा, आणि तिच्यातल्या कोणत्या संज्ञा अव्याख्यात आहेत ते सांगा.