यात काय आहे?

(द्वितीय वर्ष, कला)

यंदा आमच्या महाविद्यालयात परदेशातील नोकऱ्यांवर एक व्याख्यान झाले. जपानमध्ये कामाला माणसे कमी पडू लागली आहेत, २०२१ साली भारत व जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी करार झाला आहे, वृद्धांची शुश्रूषा, शेती, उपाहारगृहे अशा कामांसाठी आपल्याकडच्या मुलामुलींना तिकडे जाता येते, अशी माहिती पाहुण्यांनी दिली. शेवटी प्रश्न विचारायला सांगितले. एका मुलाने विचारले, "शाकाहारी माणसाचे तिथे कसे होते?" पाहुण्यांनी पाच मिनिटे तपशीलवार उत्तर दिले. मग मी उठले आणि विचारले, "हलाल जेवण मिळते का?" मागच्या बाकांवर हशा पिकला. पाहुणेही हसले आणि म्हणाले, "बाळ, देश तसा वेश!"

मी खाली बसले. व्यासपीठावरून जे उत्तर मिळाले नाही ते माझ्या घरातच होते, म्हणून हा लेख.

माझे मामू रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावचे. चौथीत शाळा सुटली. पुढे १९८९ पासून २०१७ पर्यंत त्यांनी मालवाहू जहाजांवर खलाशाचे काम केले. जहाजावर जेवणाची चिंता सहसा नसे. भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, आपल्या मुलखातला असला की तो सगळे सांभाळून घेई. आता तर तसा नियमही आहे. २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार २०१३ पासून लागू झाला. जहाजावरचे अन्न खलाशांच्या धार्मिक गरजा ध्यानात घेऊन द्यावे, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे आमच्या सभागृहाला ज्या प्रश्नाचे हसू आले, तो आंतरराष्ट्रीय करारात कधीच जाऊन बसला आहे! अडचण होई ती किनाऱ्यावर पाय ठेवल्यावर.

१९९१ साली मामू पहिल्यांदा कोबे बंदरात उतरले. एका लहानशा खाणावळीतून करीचा वास आला. जपानने ही करी एकोणिसाव्या शतकात इंग्रजांकडून घेतली आणि इंग्रजांनी ती हिंदुस्थानातून नेली होती. मामूंना हा इतिहास ठाऊक नव्हता. त्यांना वाटले, चला, घरचे काहीतरी भेटले. समोर भात आणि दाट तपकिरी रस्सा आला. रश्श्यात मांसाचे तुकडे होते. मामूंनी हातवारे करून, नाकाने डुकराचा आवाज काढून विचारले. खाणावळीची बाई आधी खूप हसली, मग तिला उमगले. तिने मान डोलावली, ताट आत नेले, तुकडे तेवढे वेचून काढले आणि तोच रस्सा, तोच भात मोठ्या अदबीने वाकून पुन्हा समोर ठेवला.

मामू ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात राग नसतो. तिच्या लेखी डुक्कर म्हणजे ते तुकडे. मामूंनी पैसे दिले, तिच्यासारखेच वाकून नमस्कार केला आणि उपाशी बाहेर पडले.

कोबेला १९३५ साली बांधलेली मशीद आहे, जपानमधली सर्वांत जुनी. तिच्यासाठी पैसे घालणाऱ्यांत तिथे व्यापार करणारे हिंदी मुसलमानही होते. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांतून ती वाचली, १९९५ च्या भूकंपातूनही वाचली. दुसऱ्या दिवशी मामू तिथे गेले. एका गृहस्थांनी त्यांना कागदाच्या चिठोऱ्यावर तीन चित्राक्षरे काढून दिली: डुक्कर, दारू आणि चरबी. त्या दिवसापासून मामू दुकानात पुडा उचलत, चिठ्ठी त्याच्या शेजारी धरत आणि रेघा जुळतात का ते पाहत. इंग्रजीत स्वतःचे नाव लिहिताना अडखळणारा हा माणूस तीन जपानी अक्षरे मात्र कुठेही ओळखू शके.

पण तीन अक्षरांत सगळे मावत नाही. मिरिन नावाची तांदळाची गोड दारू तिथे माशाच्या कालवणातही पडते. तिच्यात चौदा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतो. पावात डुकराची चरबी असू शकते. मासा आम्हाला चालतो, तरी तो कशात शिजवला हे विचारावेच लागते. म्हणून मामूंचे जेवण बहुधा एकच असे: मीठ लावून भाजलेला मासा आणि कोरा भात.

हे वाचून कुणी म्हणेल, हा तुमचाच सोवळेपणा. तर माझ्या एका वर्गमित्राचे ऐका. त्याचा थोरला भाऊ तोक्योत आहे, कट्टर शाकाहारी. दोन महिने तो मिसोचे सूप आवडीने पीत होता. नंतर कळले की त्याचा आधारच सुकवून किसलेल्या माशाचा काढा! तेव्हापासून तोही मोबाईलमध्ये एक वाक्य लिहून ठेवतो आणि सगळ्यांना दाखवतो. माझ्या मामूंच्या चिठ्ठीत आणि त्याच्या वाक्यात मला काही फरक दिसत नाही. सभागृहाला तो का दिसला, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता थोडे आमच्या माणसांविषयी. मामू सुट्टीवर आले की ओटीवर मंडळी जमत आणि पहिला प्रश्न असे, "तिकडं काय काय खाल्लंस?" त्यात काळजी थोडी आणि उलटतपासणी जास्त. हे विचारणारे कधी गावाबाहेर उपाशी फिरलेले नव्हते. जिवावर बेतले तर निषिद्ध अन्नही खाण्याची सवलत खुद्द कुराणात आहे. यहुदी-ख्रिस्ती लोकांचे अन्न चालते असेही तिथे म्हटले आहे. मात्र त्यांच्या आजच्या खाटकाचे मांस त्यात धरावे की नाही, यावर आलिमांत मतभेद आहेत. युरोपात कुणी यहुदी खाटकाकडून मांस घेतो, कुणी तेही नाही. धर्मानेच एवढी जागा ठेवली असताना ओटीवर बसून दुसऱ्याच्या पोटाचा हिशेब मागणे मला मुळीच पटत नाही.

आणखी एक सल्ला नेहमी मिळतो, प्रेमानेच मिळतो: "विचारू नये, नकळत खाल्लेल्याचे पाप नाही." नकळत घडले तर ठीक. पण समोरचा माणूस सांगायला तयार असताना आपण मुद्दाम डोळे मिटून घ्यायचे, ही शिकलेल्या माणसाला शोभणारी गोष्ट नव्हे. उलट दुकानदाराचेही कर्तव्य आहेच. यात काय आहे, एवढे त्याने खरे सांगावे. खावे की न खावे ते मी ठरवीन.

जपानमध्ये आता बराच बदल झाला आहे. २०१३ साली मलेशिया आणि थायलंडच्या प्रवाशांना व्हिसाची अट काढली, आग्नेय आशियातून मुसलमान पर्यटक येऊ लागले, आणि त्यानंतरच्या वर्षांत विमानतळांवर नमाजाच्या खोल्या, हॉटेलांत हलाल जेवण दिसू लागले. चांगलेच झाले. मात्र खलाशी त्याच्या कितीतरी आधीपासून त्याच बंदरांवर चिठ्ठ्या घेऊन उभे होते. पर्यटकाच्या पाकिटाने जे काही वर्षांत झाले ते खलाशाच्या भुकेने झाले नाही, हे मला टोचते.

त्या व्याख्यानानंतर मी जपानीच्या प्राथमिक वर्गात नाव घातले. घरात आजवर कुणी दहावीच्या पुढे गेले नव्हते. त्यात ही नवी भाषा, म्हणून आई जरा घाबरलीच आहे. पहिल्या धड्यातले एक वाक्य मी परवा मामूंना मोठ्या ऐटीत म्हणून दाखवले, "कोरे वा नान देसु का?" म्हणजे, हे काय आहे? मामू जाळे विणत होते. मान वर न करता म्हणाले, "नान वर जोर नको देऊ. बायका हसतात."