गॅरेजमध्ये लेथ बसवताय? टोकन देण्याआधी हे वाचा



परवा नवीन पनवेलमधून एका मुलाचा फोन आला. आयटीआय झालेला टर्नर, तळोजा एमआयडीसीत सहा वर्षं नोकरी. वडिलांच्या रो-हाऊसला खाली गॅरेज आहे, गाडी बाहेर लावतो आणि आत लेथ बसवतो म्हणाला. प्रश्न एकच: "सर, कुठलं मशीन घेऊ?" मी विचारलं, "पहिल्या महिन्यात त्यावर कोणाचा जॉब चढणार?" पलीकडे शांतता. मग म्हणाला, "मशीन आलं की बघू."

इथेच माझं त्याच्याशी जमत नाही. लेथ घेऊ नका असं मी म्हणत नाही, उलट जरूर घ्या. पण टोकन देण्याआधी दहा दिवस एक वही घेऊन फिरा. कळंबोलीत ट्रक-ट्रेलरची गॅरेजेस आहेत, जेसीबी दुरुस्त करणारे आहेत. कर्जत, पेणकडे भात गिरण्या आहेत, उरणला बोटी आहेत, तळोज्यात प्रत्येक कारखान्याला मेंटेनन्स खातं आहे. प्रत्येकाला एवढंच विचारा: बुश, पिन, शाफ्ट, फ्लँज कुठे करून घेता, किती दिवसांनी मिळतं, आणि शेवटचं काम कशामुळे रखडलं? वहीत नाव, काम, मटेरियल, साईज लिहा. दोन माणसं "तू कर, मी देतो" म्हणाली तर मशीन बघायला निघा. एकही म्हणालं नाही, तर तुमचे लाखभर रुपये वाचले.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव आपण भाषणात घेतो, पण त्यांची सुरुवात नीट बघत नाही. १८८८ मध्ये बेळगावात त्यांनी काढलं ते सायकलचं दुकान. पुढे कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. किर्लोस्करवाडी उभी राहिली १९१० मध्ये, म्हणजे बावीस वर्षांनी. आणि तो नांगरसुद्धा लगेच खपला नाही, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. एवढ्या मोठ्या माणसाला गिऱ्हाईक पटवायला वेळ लागला, तर आपल्या गॅरेजसमोर पहिल्या दिवशी रांग कशी लागेल?

आता काम कुठलं घ्यायचं. माझं मत स्पष्ट आहे: दुरुस्तीचं घ्या, प्रॉडक्शनच्या मागे लागू नका. एकाच मापाचे हजार बुश तळोज्यातला सीएनसीवाला ज्या भावात देईल, त्या भावात तुम्हाला वीजबिलही सुटणार नाही. पण संध्याकाळी सहाला एखाद्याचा पंप बंद पडलाय, शाफ्ट झिजलाय, वेल्डिंगने भरून मापात टर्न करून रात्रीच हवाय, तेव्हा तो सीएनसीवाला फोनही उचलत नाही. त्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर बंद पडलेलं मशीन असतं, बुशचा किलोचा भाव नसतो. तुमचा पैसा त्या तातडीत आहे. म्हणूनच पहिलं मशीन कर्जावर सीएनसी घ्या असं सांगणाऱ्यांचं मला पटत नाही. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम वगैरे योजना चांगल्या आहेत, पण अनुदान मिळतंय म्हणून मोठं मशीन घेणं आणि सेल लागलाय म्हणून साड्या घेणं यात फार फरक नाही. हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

मग घ्यायचं काय? जुनं, जड, साधं सहा फुटी लेथ. शोभेचं छोटं नवीन मशीन नको, ते जाड शाफ्टवर थरथरतं. मैसूर किर्लोस्करने हरिहरला १९४१ पासून लेथ बनवली, एचएमटीची आहेत, पंजाबातल्या बटाल्याची आणि राजकोटची तर ढिगाने मिळतात. नावापेक्षा बेड बघा. सॅडल चकजवळ आणून गिब थोडी घट्ट करा आणि मग टेलस्टॉककडे ढकलत न्या. तिकडे अडकायला लागलं तर बेड चकजवळ झिजलाय, कारण सगळं आयुष्य काम तिथेच झालेलं असतं. थोडी झीज चालते, भाव पाडून घ्या. स्पिंडलच्या टेपरमध्ये डायल गेज लावून फिरवा. आटे पाडायचे चेंज गिअर पूर्ण सेटमध्ये आहेत का ते मोजा. मी स्वतः एकदा दोन गिअर कमी असलेलं मशीन "नंतर देतो" या शब्दावर उचललं होतं. ते "नंतर" अजून आलेलं नाही.

बसवण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण गडबड इथे होते. पहिली गोष्ट, गॅरेजच्या फरशीखाली पाण्याची टाकी आहे का? आपल्याकडे बऱ्याच रो-हाऊसना पार्किंगखालीच टाकी असते. लेथचं वजन पाऊण टन किंवा त्याहून जास्त, आणि बहुतेक भार हेडस्टॉककडे. टाकीच्या स्लॅबवर ते ठेवायचं नाही. फरशी काढा, खाली पक्कं काँक्रीट करा आणि जमिनीपेक्षा थोडं उंच घ्या. २६ जुलै २००५ ला पनवेलमध्ये पाणी कुठवर आलं होतं ते घरच्यांना विचारा. गाढी नदीजवळ राहणाऱ्यांना सांगायला नको. मोटर सगळ्यात खाली बसते आणि पाण्यात पहिली तीच जाते.

मग लेव्हल. गवंड्याची लेव्हल इथे चालत नाही, मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी इंजिनिअरिंग लेव्हल कोणाकडून तरी एक दिवसासाठी आणा. बेड लांबीत आणि आडवा, दोन्हीकडे बघा. एवढं करून थांबू नका. साधारण ४० मिलिमीटरचा बार चकमध्ये धरा, २०० मिलिमीटर बाहेर ठेवा, टेलस्टॉक लावू नका. दोन टोकांना दोन पट्टे ठेवून मधला भाग खाली घ्या आणि एकाच सेटिंगवर दोन्ही पट्ट्यांवर हलका कट मारा. मायक्रोमीटरने मोजा. फरक आला तर बहुतेक वेळा बेडला पीळ बसलेला असतो. टेलस्टॉककडच्या एका पायाचा बोल्ट जरासा फिरवा, पुन्हा कट मारा, फरक वाढला की कमी झाला ते बघा. हेडस्टॉककडचे पाय सोडून द्या. यात अख्खी दुपार जाते. काँक्रीट नवीन असेल तर महिन्याभराने पुन्हा करा. हे न केलेल्या मशीनवर टर्नर कितीही हुशार असला तरी शाफ्ट टेपर येणार, आणि गिऱ्हाईक म्हणणार "पोराला जमत नाही."

पावसाळ्यात पनवेलच्या दमटपणात एका रात्रीत बेडवर गंज धरतो. काम संपलं की पुसून तेल, वर तेलात भिजवलेलं सुती कापड. प्लॅस्टिक थेट टाकू नका, आत घाम सुटतो.

वीज. घरगुती मीटरवर लेथ चालवून जॉबवर्क करू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर धरला जातो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. महावितरणकडे औद्योगिक जोडणीचा अर्ज करा. थ्री फेज लगेच मिळत नसेल तर लहान मोटर सिंगल फेजवर व्हीएफडी लावून चालते, मात्र मोटर डेल्टा जोडणीत घेता येते का ते आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासा. सिडकोच्या प्लॉटवर राहत असाल तर लीज करारात वापराबद्दल काय लिहिलंय ते वाचा. शेजाऱ्यांशीही आधीच बोलून ठेवा. लेथचा आवाज फार नसतो, भांडण ग्राइंडरवरून होतं.

पैशाचा हिशोब. समजा मशीन १ लाखाला ठरलं. तेवढेच आणखी हाताशी ठेवा. चार जबड्यांचा चक, रिव्हॉल्व्हिंग सेंटर, ड्रिल चक, टूल बिट, ग्राइंडर, व्हर्नियर, मायक्रोमीटर, हायड्राचं भाडं, वायरिंग, काँक्रीट... नागदेवी स्ट्रीटवर एक चक्कर मारलीत की समजेल.

आणि उधारी. लेथवाले बंद पडतात ते बहुतेक कामाअभावी नाही, अडकलेल्या पैशामुळे. उद्यम नोंदणी पहिल्या बिलाच्या आधी करा, ती फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. पहिल्याच पार्टीवर कायदा चालवा असं नाही, पण बिलावर उद्यम नंबर छापलेला असला की अकाउंट्सवाला जरा वेगळं बोलतो. जॉबवर्क ही जीएसटीत सेवा धरतात, म्हणून नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची. मालाची ४० लाखांची मर्यादा ऐकून गाफील राहू नका.

घरात मशीन आहे म्हणून एक विनंती. चकची चावी कधीही चकमध्ये सोडू नका, हातमोजे घालून लेथ चालवू नका, गळ्यातली चेन, सैल बाही नको. मेन स्विचला कुलूप लावा. शाळा सुटल्यावर पोरं गॅरेजमध्येच येतात.

त्या मुलाला मी वही घ्यायला सांगितलं. आठव्या दिवशी त्याचा पुन्हा फोन आला: चौदा नावं, त्यातल्या तिघांना ट्रेलरच्या पिन आणि बुश हवेत, आणि एकाला कालच हवे होते. नोकरी अजून सोडू नकोस म्हटलं, रविवारी मशीन बघायला जाऊ.