चार डॉलरांचे वर्षासन

नोव्हेंबर १८४९. सुपीरियर सरोवराच्या काठी मायका बे येथील तांब्याची खाण अनिशिनाबे लोकांनी ताब्यात घेतली (यांतील ओजिब्वे हे नाव काहींच्या परिचयाचे असेल). भूमी त्यांची, खाणकामाचे परवाने मात्र त्यांना न विचारता वसाहतीच्या सरकारने वाटले होते. सरकारने सैनिक धाडले, म्होरक्यांना अटक केली आणि पुढल्याच वर्षी त्याच लोकांशी करारासाठी बैठक मांडली.

सप्टेंबर १८५० मध्ये सू सेंट मेरी येथे विल्यम रॉबिन्सन यांनी राणी व्हिक्टोरियाच्या वतीने दोन करार केले. सुपीरियर आणि ह्यूरन सरोवरांच्या उत्तरेचा अफाट मुलूख सरकारकडे गेला. मोबदल्यात काही रोख रक्कम आणि कायमचे वर्षासन मिळाले : सुपीरियरकडे ५०० पौंड, ह्यूरनकडे ६००. रक्कम तुटपुंजीच, पण खरी मेख पुढच्या कलमात आहे. भूमीचे उत्पन्न वाढले आणि सरकारला तोटा होणार नसेल, तर वर्षासनही वाढवायचे. मर्यादा माणशी एक पौंड, म्हणजे चार डॉलर. त्यापुढे राणीची मर्जी.

१८७५ मध्ये माणशी चार डॉलर झाले आणि आकडा तेथेच गोठला. त्यानंतर याच मुलुखातून सडबरीचे निकेल निघाले, एलियट लेकचे युरेनियम निघाले, लाकडाची तर गणतीच नाही.

राजाच्या मर्जीला हिशोब कोण विचारणार, या भरवशावर जवळपास दीड शतक निभावले. २६ जुलै २०२४ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो भरवसा एकमताने मोडला. मर्जी असली तरी ती राजसत्तेच्या इभ्रतीला शोभेल अशीच वापरावी लागते, आणि येथे वचनभंग दीर्घ व गंभीर आहे, असा निर्वाळा दिला. तत्पूर्वी २०२३ मध्येच ह्यूरनकडील समूहांशी १० अब्ज डॉलरांची तडजोड जाहीर झाली होती. निम्मा वाटा केंद्राचा, निम्मा ऑन्टॅरिओ प्रांताचा.

इतक्या जुन्या कागदाचे ओझे आजच्या करदात्याने का वाहावे, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न अर्धाच आहे. त्या खाणींवरचा प्रांताचा हक्कही याच कागदातून आला आहे. भूमी देणारे कलम जिवंत आणि वाटा देणारे कलम कालबाह्य, अशी निवड एका पक्षाला एकट्याने करता येत नाही. शिवाय हे दान नव्हे; उत्पन्नातील ठरलेला हिस्सा आहे.

दहा अब्जांची तडजोड मात्र मागील थकबाकीपुरतीच आहे. यापुढे वर्षासन किती, आणि ते कोणत्या उत्पन्नावर मोजायचे, हे त्या तडजोडीने ठरवलेले नाही.