बोट हलली नाही म्हणून!

प्रवास म्हणजे चाकं फिरणं, असं मानणाऱ्या माणसांशी माझं उभं वैर आहे. ही मंडळी आमच्या शाहूवाडीत पुष्कळ, आणि शेजारच्या मलकापुरात तर दुकानागणिक एक सापडेल. गाडी स्टँडवर दोन मिनिटं जास्त थांबली, की ही मंडळी कंडक्टरकडे अशी बघतात, जणू ती दोन मिनिटं त्यानं स्वतःच्या खिशात घातली आहेत.

या मंडळींना मी नाईल नदीवरच्या बोटीची हकिकत सांगितली आणि वादाला तोंड फुटलं. इजिप्तच्या सहलीत चार रात्रींची बोट होती, लक्सर ते अस्वान. त्यातली पहिली रात्र बोट लक्सरच्या धक्क्यालाच बांधलेली. कप्तान हजर, इंजिन हजर, जेवण तयार. बोट मात्र जागची हलत नाही! एवढं ऐकून आमचे एक शेजारी म्हणाले, "म्हंजे मास्तर, डेपोत लावलेल्या येस्टीत झोपायचं तिकीट काढलासा की!"

कट्ट्यावर मोठा हशा झाला. पण हशा म्हणजे काही युक्तिवाद नव्हे. म्हणून हे लेखी उत्तर.

पहिली गोष्ट, निघून थांबणं ही काही इजिप्तहून आलेली फॅशन नाही. ज्ञानोबा माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान ठेवते आणि पहिला मुक्काम करते कुठं? आळंदीतच, आजोळघरी! तुकोबांची पालखी आदल्या दिवशी देहूत निघते आणि देहूतच इनामदार वाड्यात उतरते. पहिला दिवस फुकट गेला, अशी तक्रार एखाद्या वारकऱ्यानं केलेली मी तरी ऐकलेली नाही. घर सोडलं हे पायांना लगेच कळतं. मनाला कळायला एक रात्र जावी लागते. आमच्या आजीलाही हे ठाऊक होतं. मुहूर्त मंगळवारचा आणि गाडी गुरुवारची असली, की मंगळवारी एक गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. झाला पस्ताना! माणूस घरात, प्रवास शेजारी.

दुसरी गोष्ट वेगाची. लक्सर ते अस्वान अंतर दोनशेवर किलोमीटर. आपली एस.टी. चहाला दोनदा थांबूनही पाच-सहा तासांत नेऊन सोडील. बोट त्याला चार रात्री घेते. तेव्हा तिथं वेग विकायला ठेवलेलाच नाही. मंडईत जाऊन सोनं का नाही म्हणून भांडण्यात काय अर्थ? शिवाय जे बघायचं ते लक्सरलाच. कर्नाकचं देऊळ एका तीरावर, राजांची थडगी दुसऱ्या तीरावर. त्यातच तुतनखामेनचं, १९२२ साली सापडलेलं. बोट पळती हवी, तर थडग्यांनी काय तिच्या मागून पळत यायचं?

गैरसोय नव्हती असं मी म्हणत नाही. त्या धक्क्याला बोटी एकीला एक लावून बांधतात. काठावर जायचं तर दुसऱ्यांच्या दोन बोटींच्या दिवाणखान्यांतून जायचं. सकाळी खिडकीचा पडदा सारला, तर हातभर अंतरावर शेजारच्या बोटीतले एक गोरे गृहस्थ दात घासत होते. दोघांनीही अदबीनं माना लववल्या. चाळीत राहिलेल्या माणसाला यात काय नवल?

तिसरी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री 'कोस्टा कॉनकॉर्डिया' नावाचं अवाढव्य जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं. ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या उतारूंना संकटात कुठं जमायचं याची तालीमच मिळालेली नव्हती. कारण तेव्हाचा नियम ती चोवीस तासांत कधीही उरकायला मुभा देत होता. पुढं नियम बदलला. आता ही तालीम जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटता सुटता घ्यावी लागते. जिना कुठं, दार कुठं, जाकीट कुठं, हे उभ्या बोटीत शिकून घ्यावं. भर पाण्यात शिकणाऱ्याची फी फार महाग पडते.

आणि चौथी गोष्ट आमच्या तालुक्याची. डोंगरातल्या वाडीवर संध्याकाळी मुक्कामाची एस.टी. जाते आणि रात्रभर देवळापुढं उभी राहते. हिशेबी माणूस म्हणतो, "उभी गाडी म्हणजे तोटा. करा बंद!" अरे बाबा, ती उभी राहते म्हणूनच पहाटे कॉलेजच्या पोरीला गाडी मिळते. रात्री कुणाचा ताप चढला, तर उजाडताच दवाखाना गाठता येतो. अख्खं गाव त्या उभ्या गाडीच्या भरवशावर झोपतं. बोटीला हसणारा आणि ही गाडी बंद करायला निघालेला माणूस एकच. त्याला फिरणारं चाक दिसतं, वाट बघणारं माणूस दिसत नाही. माझं खरं भांडण आहे ते इथं!

रातोरात निघालंच पाहिजे, असा प्रसंग आमच्या भागानं एकदा पाहिला. १६६० च्या जुलैत महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले तो. त्यांच्या पाठीवर सिद्दी जौहरची फौज होती. सहलीला निघालेल्या माणसानं आधी मागं वळून बघावं, की आपल्या पाठीवर कोण आहे? बहुधा बायको असते, आणि ती कुलूप लागलं का ते बघायला परत गेलेली असते.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. पहिली रात्र धक्क्यावर जाणार, हे पैसे घेण्यापूर्वी ठळक अक्षरांत सांगावं. मुक्कामाच्या एस.टी.वर 'मुक्काम' अशी पाटी असते, तेवढा प्रामाणिकपणा बोटीनंही दाखवावा. मग ज्याला पटेल त्यानं चढावं. ज्याला पटणार नाही, त्यानं खुशाल आंबा घाटानं रत्नागिरीला जाऊन यावं. ती गाडी हलते, आणि घाटातल्या वळणांवर आतली माणसंही हलवते.