तुमच्या खर्चाचा हिशोब नेमका कुठे राहतो?

अमेरिकेत लाखो लोक खर्चाचा हिशोब ठेवायला वापरत असलेलं ‘मिंट’ हे ॲप इंट्युइट कंपनीने मार्च २०२४ मध्ये बंद केलं. आपल्या व्यवहारांची सीएसव्ही फाईल डाउनलोड करता येत होती, पण मुदतीच्या आत. डेटा कंपनीच्या सर्व्हरवर असला की मुदतही कंपनीच ठरवते.

मग फोनमध्येच ठेवायचा का? तिथेही गोची आहे. अँड्रॉइडवर ॲप अनइन्स्टॉल केलं की त्याच्या स्वतःच्या जागेतला डेटाही जातो. गुगलचा ऑटो बॅकअप असतो, पण एका ॲपला २५ एमबीच, आणि डेव्हलपरने तो बंद ठेवला असेल तर तेवढाही नाही. माझा दीड वर्षाचा हिशोब असाच उडाला. (आणि म्हणे इंजिनिअर!)

सध्या मी लॅपटॉपवर ग्नूकॅश वापरतो. फुकट आहे, सगळा हिशोब एका फाईलमध्ये. ती थेट ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवायचा मोह होतो. पण एका मशीनवरचं सिंक पूर्ण व्हायच्या आत दुसरीकडे फाईल उघडली, की दोन वेगळ्या कॉप्या तयार होऊ शकतात. मग खरी कुठली, ते शोधत बसा. शिवाय ग्नूकॅश फाईलला पासवर्ड लावत नाही. गुगल खातं कुणाच्या हाती लागलं तर पगारापासून उधारीपर्यंत सगळं उघडं. म्हणून माझी चालू फाईल लॅपटॉपवरच असते. ड्राइव्हवर जाते ती फक्त पासवर्ड लावलेली सेव्हन-झिप कॉपी, दर रविवारी.

फोनवरच हिशोब ठेवत असाल तर आजच ॲपच्या सेटिंगमध्ये ‘एक्स्पोर्ट’ शोधा. नसेल तर ॲप बदला, नोंदी थोड्या आहेत तोवर.